डच मास्तरांचं इंग्रजी

एक साधा प्रश्न. जपानमध्ये इंग्रजीचा पहिला सरकारी वर्ग कुणी घेतला असेल? इंग्रजाने? अमेरिकन माणसाने? दोन्ही उत्तरं चूक. तो घेतला एका डच माणसाने, १८०९ साली. आणि त्याला कारणीभूत झालं ते मात्र एक अस्सल इंग्रज जहाज.

थोडं मागे जाऊ. तेव्हाचा जपान म्हणजे दारं-खिडक्या लावून बसलेला वाडा. युरोपातल्या कुणालाही आत प्रवेश नाही, अपवाद फक्त डच व्यापाऱ्यांचा. त्यांनाही नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाच्या एका चिमुकल्या कृत्रिम बेटावर ठेवलेलं. पूल ओलांडून गावात यायला परवानगी लागायची. या डचांशी बोलायला नागासाकीत दुभाष्यांची घराणी होती. बापाकडून मुलाकडे जाणारं काम, आपल्याकडच्या कुलकर्णी वतनासारखं. फरक एवढाच की यांचं वतन जमिनीचं नाही, व्याकरणाचं :-) परदेशी भाषा म्हणजे डच, हे समीकरण इतकं पक्कं होतं की युरोपचं वैद्यक, खगोल, भूगोल सगळं डच पुस्तकांतून शिकलं जायचं. त्या विद्येचं नावच 'रांगाकु', म्हणजे डच विद्या.

ऑक्टोबर १८०८ मध्ये डच झेंडा लावलेलं एक जहाज नागासाकीत शिरलं. रिवाजाप्रमाणे देजिमावरचे डच लोक होडीतून स्वागताला गेले आणि थेट कैद झाले. जहाज होतं ब्रिटिश नौदलाचं, 'फेटन'. हॉलंड त्या वेळी नेपोलियनच्या भावाच्या ताब्यात, म्हणजे ब्रिटनच्या शत्रुपक्षात, आणि फेटन डच जहाजांच्या शिकारीला निघालेलं. कप्तान फ्लीटवुड पेल्यू, वय वर्षं अठरा. (अठराव्या वर्षी आपण काय करत होतो ते आठवून पाहा. मी बारावीचे क्लासेस.) या पोराने धमकी दिली की पाणी आणि खायला द्या, नाहीतर बंदरातली जहाजं जाळतो. बंदराच्या पहाऱ्याची जबाबदारी होती सागा या संस्थानाकडे, आणि त्यांनी खर्च वाचवायला शिपाई कमी करून ठेवले होते. मागण्या पुऱ्या करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोन-तीन दिवसांत फेटन निघून गेलं. नागासाकीचा सुभेदार मात्सुदायरा यासुहिदे याने शरमेने पोट फाडून घेतलं. सागाच्या राजालाही शिक्षा झाली. सागाचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एदोच्या शोगुन सरकारने यातून काढलेला निष्कर्ष मला फार आवडतो. तोफा वगैरे आल्याच, पण त्याबरोबर दुभाष्यांना हुकूम सुटला की इंग्रजी शिका. शत्रू दारात आला आणि तो काय म्हणतोय ते कळत नाही, ही त्यांना संरक्षणातली त्रुटी वाटली. पण शिकवणार कोण? इंग्रज तर शत्रू. मग देजिमावर १८०९ मध्ये आलेला यान कॉक ब्लोमहॉफ सापडला. त्याला इंग्रजी येत होतं. झालं, ब्लोमहॉफ मास्तर झाले.

या वर्गाचं फलित कागदावर आहे. मोतोकी शोझाएमोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८११ मध्ये एक इंग्रजी प्रवेशिका लिहिली आणि १८१४ मध्ये 'आंगेरिया गोरिन ताइसेइ' हा पहिला इंग्रजी-जपानी शब्दकोश पुरा केला. सुमारे सहा हजार शब्द. प्रत्येक शब्दाचा उच्चार काताकाना लिपीत दिलेला, आणि त्या उच्चारांना डच वास येतो असं अभ्यासक सांगतात. येणारच. मास्तर डच, विद्यार्थी डचमध्ये मुरलेले. यावर हसण्याआधी आपण 'वेड-नस-डे' असं घोकून बुधवारचं स्पेलिंग पाठ केलं होतं हे आठवावं. तर्खडकरांच्या पाठमालांवर ज्यांच्या दोन पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांनी तर फारच जपून हसावं.

ब्लोमहॉफची स्वतःची कथा वेगळ्या लेखाचा विषय आहे. १८१३ मध्ये जावा इंग्रजांच्या हातात असताना तो बोलणी करायला बटाव्हियाला गेला, तिथे पकडला गेला, कैदी म्हणून इंग्लंडला पोचला. म्हणजे ज्याने जपानला इंग्रजी शिकवलं त्याला इंग्रजीच्या माहेरी पाठवलं ते बेड्या घालून. १८१७ मध्ये तो देजिमाचा प्रमुख म्हणून परत आला, बायको तित्सिया आणि लहान मुलासह. परदेशी बायकांना बंदी, म्हणून तिला परत पाठवलं. तेवढ्या मुक्कामात नागासाकीच्या चित्रकारांनी तिची इतकी चित्रं काढली की तिचा चेहरा पुढे तिथल्या वस्तूंवर वर्षानुवर्षं छापला गेला. असो, मूळ मुद्द्यावर येतो.

त्यानंतरची चाळीसेक वर्षं हे इंग्रजी जवळजवळ पेटीत पडून राहिलं. बोलणार कुणाशी? मध्ये एकच खरीखुरी संधी आली. १८४८ मध्ये रॅनल्ड मॅकडॉनल्ड नावाचा तरुण व्हेल मारणाऱ्या जहाजावरून होडी घेऊन मुद्दाम उत्तरेच्या रिशिरी बेटावर उतरला, जहाज फुटल्याचं नाटक करून. त्याला नागासाकीत एका देवळात नजरकैदेत ठेवलं, आणि तिथे त्याने चौदा दुभाष्यांना इंग्रजी शिकवलं. इंग्रजी मातृभाषेसारखी असलेला जपानमधला पहिला मास्तर म्हणून त्याचं नाव घेतात. गंमत म्हणजे त्याचा बाप स्कॉटिश आणि आई अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या चिनूक जमातीच्या सरदाराची मुलगी. म्हणजे पहिला 'नेटिव्ह' मास्तर दोन्ही अर्थांनी नेटिव्ह होता.

जुलै १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी आपली काळी जहाजं घेऊन आला. होरी तात्सुनोसुके हा दुभाष्या होडीतून जहाजाजवळ गेला आणि इंग्रजीत ओरडला, 'आय कॅन स्पीक डच!' मला इतिहासातलं हे एक अत्यंत लाडकं वाक्य वाटतं. ब्लोमहॉफच्या वर्गानंतर चव्वेचाळीस वर्षांनी अमेरिकेशी बोललेलं हे इंग्रजी वाक्य, आणि त्याचा अर्थ काय, तर मला डच येतं. पेरीकडेही डच दुभाष्या होताच. त्यामुळे अमेरिका आणि जपान यांची बोलणी मोठ्या प्रमाणावर डचमधून झाली. पुढे अमेरिकेचा वकील टाउनसेंड हॅरिस आला, त्याचा दुभाष्या हेन्री ह्यूस्केन, तोही जन्माने डच. याच होरीने पुढे १८६२ मध्ये छापील इंग्रजी-जपानी कोश काढला आणि त्याचा पाया होता एक इंग्रजी-डच कोश. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच कळेल. नवी सिस्टिम म्हणून जे काही उभं राहत होतं, त्याच्या खाली जुनीच सिस्टिम चालू होती.

आणि जुन्या सिस्टिमवरच्या तज्ज्ञांचं काय झालं? फुकुझावा युकिची (जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर २०२४ मध्ये नवी नोट येईपर्यंत ज्याचा चेहरा होता, तो) ओसाकात वर्षानुवर्षं डच शिकला होता. १८५९ मध्ये योकोहामा बंदर नुकतंच खुलं झालं होतं, तिथे तो फिरायला गेला. दुकानांवरच्या पाट्या वाचता येईनात, लोकांशी बोलता येईना. सगळं इंग्रजी. आयुष्याची कमाई एका दुपारी कालबाह्य. दहा वर्षं कोबोल केलेल्या माणसाने सगळीकडे जावाच्या जाहिराती पाहाव्यात तसं. तो खचला, आणि दुसऱ्या दिवसापासून इंग्रजीच्या मागे लागला. मग त्याच्या लक्षात आलं की डच वाया गेलेलं नाही, त्याच्याच आधाराने इंग्रजी भराभर उलगडतंय.

याच १८५९ च्या नोव्हेंबरात नागासाकीला एक माणूस उतरला. हा सगळा लेख खरं म्हणजे त्याच्यासाठी आहे.

गीडो व्हर्बेक. जन्म १८३०, हॉलंडमधलं झाइस्ट गाव. घरात आणि शाळेत मिळून डच, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी शिकला. शिक्षण इंजिनिअरिंगचं. (आता तुम्ही कान टवकारले असतील.) १८५२ मध्ये बावीस वर्षांचा असताना अमेरिकेला गेला. विस्कॉन्सिनमध्ये एका फाउंड्रीत काम केलं, मग आर्कान्सासमध्ये पूल-रस्त्यांचं. आडनाव मुळात 'व्हर्बीक', पण अमेरिकनांना नीट म्हणता येईना म्हणून स्पेलिंग बदलून 'व्हर्बेक' केलं. ऑनसाइटला गेल्यावर श्रीनिवासचा 'श्री' झालेले आपले मित्र आठवले की नाही? पुढे जपान्यांनी त्याचं 'फुरुबेक्की' केलं ते वेगळंच. आर्कान्सासमध्ये कॉलऱ्याने तो मरणाच्या दारातून परत आला, आणि वाचलो तर देवाचं काम करीन असा नवस बोलला. मग न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नला धर्मशास्त्र शिकला आणि मिशनरी म्हणून निघाला.

त्याची निवड का झाली, हा यातला कळीचा मुद्दा. डच रिफॉर्म्ड चर्चला जपानसाठी माणूस हवा होता तो 'अमेरिकेत मुरलेला डच'. कारण जपानशी बोलण्याचं दार अजून डच भाषेतूनच उघडत होतं. म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसणं ही त्याची उणीव नव्हती, ती त्याची पात्रता होती. ज्या विद्यार्थ्याला डच येतं त्याला इंग्रजी शिकवायचं, तर स्वतः डचकडून इंग्रजीकडे चालत गेलेला मास्तर हवा. वाटेत कुठे खड्डे आहेत ते त्यालाच ठाऊक.

ख्रिस्ती धर्माचा प्रचार तेव्हा जपानमध्ये गुन्हा होता. बंदीच्या पाट्या १८७३ पर्यंत चौकाचौकांत उभ्या होत्या. त्यामुळे मिशनरी व्हर्बेककडे करण्यासारखं एकच काम उरलं, इंग्रजी शिकवणं. सुरुवातीला घरी, मग १८६४ पासून शोगुनच्या सरकारी भाषाशाळेत. आणि मग आलं सागा संस्थान. हो, तेच, फेटनच्या वेळी तोंडघशी पडलेलं. त्यांनी नागासाकीत आपल्या सामुराई पोरांसाठी 'चिएनकान' नावाची इंग्रजी शाळा काढली आणि मास्तर म्हणून व्हर्बेकला नेमलं. एक इंग्रज जहाज अडवता आलं नाही म्हणून बदनाम झालेलं संस्थान, साठ वर्षांनी स्वतःच्या पैशाने डच माणसाकडून इंग्रजी शिकत होतं.

सागाच्या विद्यार्थ्यांत दोन नावं मोठी. सोएजिमा तानेओमी, पुढे परराष्ट्रमंत्री झाला. आणि ओकुमा शिगेनोबु, पुढे दोनदा पंतप्रधान आणि १८८२ मध्ये वासेदा विद्यापीठाचा संस्थापक. पाठ्यपुस्तकं कोणती? बायबलचा नवा करार आणि अमेरिकेची राज्यघटना. आता कल्पना करा, कमरेला दोन तलवारी लावलेले तरुण, राज्य बुडायच्या बेतात असलेला देश, आणि वाचनाच्या तासाला अमेरिकेची घटना. 'धिस इज अ पेन' वर वेळ घालवला नाही हे बरं झालं. भाषा शिकवताना काय वाचायला द्यावं याबद्दल माझं मत या एका उदाहरणाने कायमचं बदललंय. शब्द कठीण असू देत, पण वाचणाऱ्याला त्या मजकुराची गरज असली पाहिजे.

इथे थोडं विषयांतर. मी तीन वर्षं टोकियोत होतो, प्रोजेक्टसाठी. निशी-कासाईला घर, म्हणजे जिथे संध्याकाळी स्टेशनवर निम्मं आयटी पार्क भेटतं तिथे. माझी बायको इंग्रजीत एम.ए., पहिलीपासून इंग्रजी माध्यम, पुण्यात सहा वर्षं कॉलेजात शिकवलेलं. डिपेंडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, म्हणून तिने एका भाषाशाळेत अर्ज केला. फोनवरची मुलाखत उत्तम झाली. समोरासमोर भेटीला गेली तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी अतिशय नम्रपणे, तीनदा वाकून सांगितलं की आमच्या विद्यार्थ्यांना नेटिव्ह शिक्षक हवे असतात. तिने विचारलं, फोनवर मी कोण वाटले होते? त्यावर पुन्हा एकदा वाकून नमस्कार. घरी येऊन ती म्हणाली, "मी बोलले तोवर नेटिव्ह होते रे, दिसले तेव्हा राहिले नाही." त्यानंतर ती आमच्या बिल्डिंगमधल्या दोन जपानी आज्यांना घरीच शिकवायला लागली. त्यांना आपल्या ऑस्ट्रेलियातल्या नातवंडांशी बोलायचं होतं. नातवंडांचे मेसेज हेच पाठ्यपुस्तक.

राग तिच्यापेक्षा मला जास्त आला होता, आणि त्या रागातूनच हे सगळं वाचन सुरू झालं. व्हिसासाठी पाहायला गेलं तर भाषा शिकवणाऱ्याने बारा वर्षं त्या भाषेच्या माध्यमातून शिक्षण घेतलेलं असावं, अशी अट असते. त्यात चेहऱ्याचा उल्लेख नाही. शेजारच्या कोरियाने मात्र इंग्रजी शिक्षकांच्या व्हिसासाठी सरळ सात देशांची यादीच केली. भारताशी झालेला करार २०१० मध्ये लागू झाला, तेव्हा भारतीय शिक्षकांसाठी सहायक म्हणून एक वेगळी खिडकी उघडली. दुसरीकडे आज जपानमधले कितीतरी लोक रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून ज्यांच्याकडून इंग्रजी शिकतात, ते शिक्षक बसलेले असतात फिलिपिन्समध्ये. पेटर मेदयेश या हंगेरियन प्राध्यापकाने १९९४ मध्ये मातृभाषा इंग्रजी नसलेल्या शिक्षकांवर एक पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं साधारण असं की असा शिक्षक हा यशस्वी विद्यार्थ्याचा नमुना असतो आणि विद्यार्थी कुठे अडखळणार ते त्याला आधीच कळतं. नागासाकीला हे एकशे तीस वर्षं आधी ठाऊक होतं. आपल्यालाही ठाऊक असायला हरकत नाही. अडलेला मराठी शब्द बघायला आपण मोल्सवर्थ उघडतोच ना? तो काय सदाशिव पेठेत जन्मला होता?

मातृभाषकांना भाषा अधिक सहज येते हे मी नाकारत नाही. कुठला शब्द कानाला खटकतो हे त्यांना पटकन कळतं. पण येणं आणि शिकवता येणं यांत फरक आहे, आणि त्याचा जिवंत पुरावा व्हर्बेकच्याच पुढच्या नोकरीत आहे.

१८६८ ची क्रांती झाली, जुने विद्यार्थी नव्या सरकारात गेले आणि १८६९ मध्ये त्यांनी गुरुजींना टोकियोला बोलावून घेतलं. तिथल्या सरकारी विद्यालयाचा (ज्यातून पुढे १८७७ मध्ये टोकियो विद्यापीठ झालं) तो मुख्य शिक्षक झाला. इंग्रजीची लाट अशी होती की बंदरावर उतरलेला कुठलाही गोरा मास्तर म्हणून खपायचा. व्हर्बेकचा चरित्रकार विल्यम ग्रिफिस स्वतः त्या काळात जपानमध्ये शिकवत होता. त्याने या मंडळींबद्दल फार तिखट लिहिलंय, कोणी दुकानाच्या गल्ल्यावरून आलेला, कोणी जहाजाच्या डेकवरून, कोणी छावणीतून. सगळे नेटिव्ह, बरं का. तिथे शिस्त आणण्याचं काम या डच माणसाकडे आलं.

एवढ्यावर थांबलं नाही. जून १८६९ मध्ये त्याने ओकुमाला एक टिपण दिलं होतं, की सरकारातल्या वरिष्ठांनी स्वतः युरोप-अमेरिका पाहून यावं, कुठे जावं, काय पाहावं. दोन वर्षं ते पडून राहिलं. मग इवाकुरा तोमोमीच्या कानावर ते गेलं, आणि डिसेंबर १८७१ मध्ये अर्धं मंत्रिमंडळ बोटीत बसून निघालं. तेच प्रसिद्ध इवाकुरा शिष्टमंडळ. त्याआधी १८६६ पासूनच व्हर्बेक आपल्या ओळखीने जपानी मुलांना अमेरिकेतल्या रटगर्स कॉलेजच्या गावी धाडत होता.

जालावर त्याचा एक फोटो फिरत असतो, तोही सांगून टाकतो. नागासाकीच्या उएनो हिकोमाच्या स्टुडिओतला. मध्ये व्हर्बेक, शेजारी त्याचं मूल, भोवती चाळीसेक सामुराई. खाली नावं दिलेली असतात, सायगो ताकामोरी, साकामोतो र्‍योमा, इतकंच काय, स्वतः तरुण मेइजी सम्राट! हा फोटो चिनी मातीच्या बशांवर छापून विकलाही गेलाय. सगळी थाप. अभ्यासकांच्या मते फोटो १८६८ च्या सुमाराचा आहे आणि र्‍योमाचा खून १८६७ मध्येच झाला होता. फोटोतली मुलं सागाच्या शाळेतली आहेत. म्हणजे तो साधा वर्गाचा फोटो आहे, आपले असतात तसा, मधल्या खुर्चीवर सर. तो तसाच किती छान आहे! पण लोकांना त्यात हिरो हवे असतात.

आणि शेवटी पासपोर्टची गोष्ट. व्हर्बेकने हॉलंड १८५२ मध्ये सोडलं. इतकी वर्षं बाहेर राहिल्याने डच नागरिकत्व गेलं. अमेरिकेत नागरिकत्वाची प्रक्रिया पुरी होण्याआधी तो जपानला आला होता. म्हातारपणी अमेरिकेत जाऊन त्याने पुन्हा प्रयत्न केला, जमलं नाही. चार भाषा घेऊन आलेला, पाचवी, म्हणजे जपानी, इतकी कमावलेला की तीत व्याख्यानं द्यायचा, आणि सांगायला देश एकही नाही. परदेशी माणसाला तेव्हा जपानमध्ये ठरावीक हद्दीबाहेर राहायचं तर आपल्या देशाच्या वकिलातीमार्फत परवाना लागायचा. याची वकिलातच नाही. १८९१ मध्ये जपान सरकारने त्याला खास परवाना दिला, कुटुंबासह देशात कुठेही जावं, कुठेही राहावं.

१० मार्च १८९८ रोजी तो टोकियोत वारला. आओयामा दफनभूमीत त्याची कबर आहे, वरचं स्मारक विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून उभारलेलं. त्याच वर्षी जूनमध्ये ओकुमा पहिल्यांदा पंतप्रधान झाला.